आजीचा शरभ

कार्तिकी पौर्णिमेला आठ दिवस उरले की आमच्या बीडच्या घरी देवघराशेजारच्या फळीवरून घुमटाकार झाकणाची एक लाकडी पेटी खाली उतरत असे, आणि तिचे कुलूप उघडण्याचा अधिकार आजीखेरीज कोणासही नव्हता. झाकण दूर झाले की जुन्या तेलाचा एक संथ, ओळखीचा गंध माजघरभर पसरे आणि काळ्याभोर लोखंडी अंगावर सोनेरी वेलबुट्टी मिरवणारे ते हातशिलाईचे सिंगर यंत्र दिव्याच्या उजेडात उभे राही. त्याच्या बैठकीवर स्त्रीमुख, सिंहाचे धड आणि पाठीशी पंख असलेली एक आकृती होती. ती स्फिंक्स होय, हे मला पुढे शाळेत कळले. आजीच्या लेखी मात्र तो शरभ होता, वीरभद्राच्या कथेतला, किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला. काम सुरू करण्यापूर्वी ती त्याला बोटभर विभूती लावी आणि मगच सुईत दोरा ओवी.

हे यंत्र आमच्या घरी आले ते आजोबांच्या तरुणपणी. तहसील कचेरीत ते अहलकार होते. पगार निजामाच्या हाली शिक्क्यात मिळे, आणि व्यापारी मात्र इंग्रजी कलदार रुपया मागत, म्हणजे साधारणपणे सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती यावेत. अशा तुटपुंज्या आमदनीत एवढी वस्तू एकरकमी घेणे अशक्यच होते; परंतु हप्त्याने यंत्र देण्याची पद्धत सिंगर कंपनीने १८५६ पासून अमेरिकेत रूढ केली होती, आणि नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीचा व्यापार हिंदुस्थानात वाढविल्यावर तीच पद्धत इकडेही आली. आजोबांचा उर्दू करारनामा, खाली त्यांची मोडीतील सही आणि मागे प्रत्येक हप्त्याची नोंद, असा तो पिवळा पडलेला दस्तऐवज आजही पेटीच्या तळाशी आहे.

यंत्रांविषयी एरवी साशंक असणाऱ्या महात्माजींनी १९२४ साली एका संवादात शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. पत्नीचे शिवणकामातले कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते घडवले, असे त्यांनी तेव्हा सांगितले. इतिहास काही तसे म्हणत नाही. एलियस हाऊने १८४६ मध्येच टोकाशी नेढे असलेल्या सुईचे पेटंट घेतले होते, आणि सिंगरने बोस्टनमधील एका कारखान्यात दुसऱ्याच कोणाच्या यंत्रातील दोष दूर करून १८५१ साली आपले पेटंट मिळवले. तथापि ती कथा मला कधीच खोटी वाटली नाही, कारण सिंगरच्या घरी घडली नसली तरी ती आमच्या घरी घडली होती: रॉकेलच्या चिमणीच्या धुरात रात्री बारापर्यंत धावदोरा घालणाऱ्या आजीला पाहूनच आजोबांनी तो करारनामा केला, असे आजीने मला अनेकदा, आणि दर वेळी किंचित लाजून, सांगितले आहे.

पौर्णिमेपूर्वीचे ते काम म्हणजे कपिलधारच्या दिंडीची पताका. मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत, जेथे पावसाळ्यात कड्यावरून पाण्याची धार दरीत कोसळते, तेथे परमरहस्यकार मन्मथस्वामींची संजीवन समाधी आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून व कर्नाटकातूनही दिंड्या शिवनामाच्या गजरात येतात. आमच्या गल्लीच्या दिंडीला आजी दरवर्षी एक नवी भगवी पताका देई. तिच्या काठाचे पहिले सात टाके ती हाताने घाली, आणि मगच कापड यंत्राच्या पायाखाली सरकवी. सातच का, हे मी कधी विचारले नाही.

डोळे मंदावल्यावर तिने यंत्राचा हात फिरवण्याचे काम माझ्याकडे सोपवले. हाताच्या यंत्रावर एकट्याने शिवताना उजवा हात चाकात गुंतलेला आणि कापड एकट्या डाव्या हाताच्या हवाली, म्हणून लांब काठ शिवताना दोघे असणे फार सोयीचे. मी फिरवीत असे, ती दोन्ही हातांनी कापड वळवीत असे. टीप संपली की मी उतावीळपणे हात सोडी, आणि सुई कापडातच अडकून राही, तेव्हा ती न रागावता म्हणे, "बाळा, अर्धा फेरा अजून."

१९७२ च्या दुष्काळात घरी दुसरे यंत्र आले, ते पायडलचे उषा. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने स्वातंत्र्याच्या आधीच हे यंत्र देशात बनवायला आरंभ केला होता, आणि आमच्या आईने ते एका गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबाकडून घेतले. त्या वर्षी नवे कापड शिवायला कोणी येत नव्हते. खडी फोडायला जाणाऱ्या बायका संध्याकाळी फाटलेली पातळे, खांद्यावर विरलेल्या पैरणी, धोतराचे तुकडे घेऊन ओसरीवर बसत, आणि आई ठिगळावर ठिगळ लावी. उरलेल्या चिंध्यांच्या वाकळी होत. मोबदला म्हणून कोणी जळण आणून देई, कोणी काहीच देत नसे. पायडलचा तो एकसुरी खडखडाट ऐकत मी झोपी जाई आणि पहाटे जाग आली तरी तो चालूच असे. सुबत्तेत यंत्र नवे कपडे शिवते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु अवर्षणात ते काय करते, हे ज्याने पाहिले त्याला त्या लोखंडाविषयी जे वाटते ते शब्दांत मांडणे मला आजवर साधलेले नाही.

पुढे शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर मी जुनी यंत्रे जमवू लागलो. आज माझ्याकडे सात आहेत. बहुतेक भंगाराच्या दुकानांतून वजनावर घेतलेली, आणि एक जर्मनीतील कायझरस्लाउटर्नच्या फाफ कंपनीचे, ज्याचे चाक पहिले तीन आठवडे तसूभरही हलले नाही. तेल वाळून त्याचा डिंक झालेला असतो. सांध्यासांध्यात थोडे थोडे रॉकेल सोडावे, दिवसभर थांबावे, चाक किंचित मागेपुढे करावे आणि बळ मुळीच लावू नये. मात्र सोनेरी नक्षीवर रॉकेलाचा बोळा फिरवू नये. एका यंत्राची वेलबुट्टी मी अशीच अज्ञानाने पुसून टाकली, त्याची हळहळ अजून आहे. आजीच्या यंत्राच्या क्रमांकाआधीचे एफ हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याचे आणि पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेच्या काळाचे. तो कारखाना १९८० साली बंद पडला. जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव तेवढे सिंगर असे राहिले आहे.

आजीच्या यंत्रातील शटल होडीच्या आकाराचे आहे. सुई कापडातून खाली जाते, किंचित वर येते, त्या क्षणी तिच्या दोऱ्याचा एक फासा सुटतो आणि होडी आपला दोरा घेऊन त्या फाशातून निसटते. मग दोन्ही दोरे ताणले जाऊन त्यांची अढी कापडाच्या जाडीत मधोमध बसते. वरचा ताण सैल पडला तर खाली फासे लोंबतात, अधिक झाला तर खालचा दोरा वर डोकावतो. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी टीप येईपर्यंत मी चिंधीवर दहा दहा वेळा शिवून पाहतो. शंभर वर्षांच्या यंत्राला आज बाजारात मिळणारी साधी सुई चालते, आणि टीप जमली की माझा सबंध दिवस उजळतो.

हल्ली उपाहारगृहांत पायडलच्या बिडाच्या चौकटींवर संगमरवर टाकून मेजे केलेली दिसतात, कोठे यंत्राच्या पोटात दिवा बसवलेला असतो. तेथे मला चहा घेववत नाही. वस्तूचे जतन म्हणजे तिला तिच्या कामापासून तोडून शोभेला बसवणे, हा विचार मला मान्य नाही. माझ्या सातही यंत्रांवर आठवड्यातून एकदा तरी काही ना काही शिवले जाते, उशीचा अभ्रा, शेजाऱ्याची पिशवी, फाटलेले दप्तर, काहीही.

गेल्या कार्तिकात पताका शिवायची वेळ आली तेव्हा माझ्या नातीने हात फिरवण्याचा हट्ट धरला. सात टाके मी हाताने घातले. त्यांचे अंतर काही केल्या सारखे येईना. आजीचे येत असे. शरभाचे सोने आता बरेच उडाले आहे, पंख तेवढे शाबूत आहेत. त्याला विभूती लावून मी कापड सरकवले आणि ती फिरवू लागली, आधी भरधाव, मग माझ्या हातांकडे पाहत हळूहळू. चारही काठ झाले, शेवटच्या कोपऱ्यावर टीप दुमडून घेतली, आणि आता झाले असे समजून तिने हात सोडला. सुई अजून कापडातच होती.

"बाळा," मी म्हणालो, "अर्धा फेरा अजून."