लेन्स रुसली होती का?

मित्रांनो, आज तुम्हांला माझीच एक फजिती सांगतो. हसायचं तर खुशाल हसा!

२००८ साली माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. फोटो काढायचं काम माझ्याकडे. मी नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि कपाटात जुन्या, रोलच्या कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची ऑटोफोकस लेन्स होती. दोन्ही एकाच कंपनीचे. लेन्स लावली, 'टक्' करून छान बसलीसुद्धा. आईला ओवाळायला सुरुवात झाली. मी बटण दाबलं, तर लेन्स ढिम्म! सगळे फोटो धूसर आले.

आदल्या दिवशी माझा आठ वर्षांचा भाचा ती लेन्स हाताळत होता. "तूच पाडली असणार!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "शप्पथ मामा, मी नाही पाडली," तो रडवेला होऊन म्हणाला. त्या दिवशी तो धड जेवलाही नाही.

आठवड्याने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. ते हसून म्हणाले, "लेन्स ठणठणीत आहे हो! पण हिच्यात मोटर नाही, आणि तुमच्या कॅमेऱ्यातही नाही."

म्हणजे काय, सांगतो. जवळचं किंवा लांबचं स्पष्ट दिसावं म्हणून लेन्समधली भिंगं पुढेमागे सरकवावी लागतात. किती सरकवायची ते कॅमेरा ओळखतो, पण सरकवायला मोटर हवी. ती ठेवायची कुठे? १९८५ साली आलेल्या मिनोल्टा ७००० मध्ये ती कॅमेऱ्यात होती. कॅमेऱ्यातली स्क्रूड्रायव्हरसारखी छोटी दांडी लेन्सच्या मागच्या खाचेत बसायची आणि गरगर फिरून भिंगं सरकवायची. १९८७ साली कॅननने इओएस कॅमेरे आणले, तेव्हा मोटर लेन्समध्येच बसवली. कॅमेरा तिला फक्त विजेचे संदेश पाठवी. पण लेन्स अडकवायची जागाच बदलल्यामुळे कॅननच्या जुन्या लेन्स या कॅमेऱ्यांवर बसेनात.

माझ्या लेन्सला मागे ती खाच होती, पण नव्या कॅमेऱ्याला दांडीच नव्हती! तो मोटरवाल्या लेन्ससाठी बनवलेला. म्हणजे लेन्स नुसती बसून भागत नाही, दोघांचं जमावंही लागतं.

काका म्हणाले, "हातानं रिंग फिरवा. आत हिरवा ठिपका स्थिर झाला, की बटण दाबा."

घरी आलो आणि आधी भाच्याला जवळ घेतलं. "चुकलं रे माझं. लेन्स बिघडलीच नव्हती." त्यानं डोळे वटारले, "मग मला का ओरडलास?" यावर मी काय बोलणार?

मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्यानं जीभ बाहेर काढून हळूहळू रिंग फिरवली, ठिपका लागला आणि आजीचा फोटो टिपला. सुरकुतीन् सुरकुती स्पष्ट! तोच फोटो आज आमच्या भिंतीवर आहे.

तेव्हा दोस्तांनो, एखादी वस्तू चालेनाशी झाली, तर आधी ती उलटी करून नीट बघा. कुणावर ओरडायचं ते मग ठरवू!