‘काकू, कॅश किती?’



बिबवेवाडीतला आमचा फ्लॅट मागच्या वर्षी विकला. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि यांचे गुडघे. विकायचा हे ठरवायला दोन वर्षं लागली, विकायला सात महिने. एजंटकडून व्यवहार कसा केला, असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून लिहिते.

दलाली 1 टक्का आणि तीही खरेदीखत नोंदवल्यावर, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेतलं. मुलगा बरा होता. फोन उचलायचा, गिऱ्हाईक आणण्याआधी कळवायचा. बाथरूमच्या भिंतीला ओल होती, तर म्हणाला, “काकू, रंग मारून घ्या, दिसणार नाही.” मी म्हटलं, ओल दाखव आणि भाव त्याप्रमाणे सांग.

तिसऱ्या महिन्यात 72 लाखांचं गिऱ्हाईक आलं. अट एकच: करारात 57 दाखवायचे, 15 रोख. एजंट म्हणाला, “सगळेच करतात काकू. तुमचाही टॅक्स वाचतो.”

मी 1982 ची बी.कॉम. कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. घर 1994 चं, त्यामुळे मूळ किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते. ती व्हॅल्युअरकडून काढून ठेवली होती. राहतं घर विकून झालेला नफा दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेण्यात घातला, तर त्यावर कर लागत नाही. आम्ही लिफ्टवालं घर घेणारच होतो, तेही नफ्यापेक्षा महाग. म्हणजे रोख घेऊन आमचा एक रुपया वाचत नव्हता. वाचत होती ती घेणाऱ्याची स्टॅम्प ड्युटी, पुण्यात 15 लाखांवर 7 टक्क्यांनी 1,05,000. उलट घराच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेतली, तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याच्या, म्हणजे आमच्या माथी. आणि ते 15 लाख ठेवायचे कुठे? नव्या घराचा बिल्डर चेकच मागत होता.

हिशेब यांनाही पटला. पण नव्या घराचा हप्ता 31 मार्चला होता आणि दुसरं गिऱ्हाईक दिसत नव्हतं. “हे गेलं तर?” एवढंच म्हणाले. त्याचं उत्तर माझ्या कॅलेंडरवर नव्हतं. मी फक्त म्हटलं, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे अतिचार सांगितलेत, त्यात कूटलेखक्रिया आहे. खोटा लेख करणं. अणुव्रत दोघांनी मिळून घेतलं होतं, आता या वयात सब-रजिस्ट्रारसमोर बसून खोट्या आकड्याखाली अंगठा उठवायचा का? हे काही बोलले नाहीत. रात्री जेवणाआधी स्वतःच एजंटला फोन करून नाही म्हणाले.

(रात्री म्हणजे आमची सहाची, सूर्यास्ताआधीची. नव्या वाचकांसाठी सांगितलं.)

गिऱ्हाईक गेलं. एजंटचाही तीन आठवडे फोन नाही. मार्चचा हप्ता एफडी मोडून भरला, व्याज बुडालं.

मग मे महिन्यात बँकेचं कर्ज काढणारं एक नोकरदार जोडपं आलं. कर्ज करारातल्या आकड्यावर मिळतं, त्यामुळे त्यांनाच पूर्ण रक्कम कागदावर हवी होती. ओल बघून त्यांनी भाव पाडला, 69 लाखांवर ठरलं. खरेदी एकट्या बायकोच्या नावावर केली, त्यामुळे त्यांना स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत मिळाली. व्यवहार 50 लाखांच्या वरचा, म्हणून त्यांनी 1 टक्का टीडीएस कापला. तो आपल्या पॅनवर जमा झालेला दिसेपर्यंत मागे लागा आणि टीडीएसचं सर्टिफिकेट मागून घ्या. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आधीच शोधून ठेवा. आमचं जुन्या पंचांगात सापडलं.

टीडीएस 69,000, दलालीही 69,000. दलाली मी बँकेतून पाठवली आणि पावती मागितली. तो हसला. “काकू, पावतीबुक करावं लागेल.” चार दिवसांनी घेऊन आला, नंबर 1.