अर्ध्यावरची घोडदौड

क्लाएंट गेला, काम राहिलं! चारशे वर्षांपूर्वी अँटवर्पच्या एका बड्या स्टुडिओत झालं ते आजच्या फ्रीलान्सरला नवीन नाही...

तुमच्या वन बीएचकेचा हॉल डोळ्यांसमोर आणा. आता त्याची सगळ्यात लांब भिंत धरा. तरी हे चित्र त्यावर बसायचं नाही. उंची बारा फूट, लांबी बावीस फुटांहून जास्त. आणि त्यात घोडेच घोडे. उसळणारे, अंगावर येणारे, कोसळणारे. मधोमध घोड्यावर राजा.

फ्लॉरेन्सच्या उफित्झी गॅलरीतल्या या चित्राचं नाव ‘इव्रीच्या लढाईत हेन्री चौथा’. चित्रकार पीटर पॉल रूबेन्स, म्हणजे त्या काळातला फ्लेमिश सुपरस्टार. आणि यातली खरी गंमत अशी, की हे चित्र कधी पूर्ण झालंच नाही.

मिलानला शिकणाऱ्या मैत्रिणीकडे मी गेल्या वर्षी आठ दिवस राहिले होते. त्यातला एक दिवस फ्लॉरेन्सचा. बोटिचेलीच्या व्हीनससमोर दादर स्टेशनसारखी गर्दी. धक्के खात, फोटो काढत आम्ही बाहेर पडलो आणि पायांचे तुकडे पडले म्हणून एका मोठ्या दालनात टेकलो. समोर रूबेन्स. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, हे तर अर्धंच आहे! चल.’ ती गेली कॉफी प्यायला. मी मात्र तासभर हलले नाही. अर्ध्यावर थांबलेल्या कामाशी माझं त्या वर्षी फार जवळचं नातं होतं. ते पुढे सांगते. आधी घोडे.

लढाई कुणाची, चित्र कुणाचं?

१४ मार्च १५९०. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची वर्षानुवर्षं मारामारी चाललेली. राजेपदाचा वारस हेन्री, पण तो प्रोटेस्टंट. त्याला विरोध करणाऱ्या कॅथलिक लीगचा सेनापती मायेनचा ड्यूक. दोघांची गाठ इव्री गावाजवळ पडली आणि निकाल लावला घोडदळाने. हेन्रीच्या शिरस्त्राणावरच्या पांढऱ्या तुऱ्याची गोष्ट फ्रान्समध्ये आजही सांगतात. गोंधळात काही कळेनासं झालं, तर या तुऱ्याच्या मागे या, असं त्याने सैनिकांना सांगितलं होतं म्हणे.

लीगच्या बाजूने स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्समधून आलेलं घोडदळही लढलं. त्याचा सरदार, एग्मॉन्टचा काउंट फिलिप, त्याच मैदानात पडला. म्हणजे बघा, रूबेन्सच्या स्वतःच्या मुलखाचा सरदार जिथे मारला गेला, तीच लढाई रूबेन्स रंगवतोय. आणि तीही जिंकणाऱ्याच्या बाजूने!

कारण एकच. क्लाएंट.

हेन्रीचा १६१० मध्ये खून झाला. त्याची विधवा मारी दे मेदिची हिने पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग पॅलेस बांधायला घेतला आणि त्यातल्या दोन लांबलचक गॅलऱ्यांसाठी १६२२ मध्ये रूबेन्सशी करार केला. एका गॅलरीत तिचं स्वतःचं आयुष्य, दुसऱ्या गॅलरीत नवऱ्याचे पराक्रम. पहिली गॅलरी, तब्बल २४ कॅनव्हास, रूबेन्सने १६२५ पर्यंत पूर्ण केली. आज ती लूव्रमध्ये आहे. दुसरीचं काम १६२८ च्या सुमाराला सुरू झालं. इव्री त्यातलीच.

घोडा पोज देत नाही, बॉस!

मॉडेलला ‘हलू नकोस’ म्हणता येतं. मागच्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याला कसं सांगणार? क्षणभरात त्याचे पाय खाली येतात. कॅमेरा नव्हताच. धावणाऱ्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात, हे तर मायब्रिजच्या १८७८ मधल्या फोटोंनी दाखवून दिलं. मग सतराव्या शतकातला चित्रकार काय करायचा? दोन गोष्टी. जिवंत घोडे पाहायचा आणि आधीच्या उस्तादांकडून शिकायचा.

घोडे रूबेन्सला घरचेच होते. दिवसभराचं काम संपलं, की संध्याकाळी तो आपल्या देखण्या स्पॅनिश घोड्यावरून फेरफटका मारायला निघायचा, असं त्याच्या पुतण्याने सांगून ठेवलंय. आणि उस्ताद? लिओनार्दो दा विंची! उफित्झीच्या अगदी शेजारच्या पालाझ्झो वेक्किओमध्ये लिओनार्दोने १५०५ मध्ये ‘अंघियारीची लढाई’ भिंतीवर रंगवायला घेतली होती. झेंड्यासाठी झुंजणारे स्वार आणि एकमेकांत गुंतून चावे घेणारे घोडे. रंगांचा प्रयोग फसला, काम अर्धवट राहिलं आणि पुढे १५६० च्या दशकात त्याच दालनात वासारीची नवी भित्तिचित्रं आली. रूबेन्स १६०० ते १६०८ इटलीत होता. त्याला ती भिंत बघायलाच मिळाली नाही. त्याने अभ्यास केला तो नकलांवरून. दुसऱ्या कुणीतरी केलेली एक नक्कल घेऊन त्यावर त्याने स्वतःचा हात फिरवला. ते चित्रही आता लूव्रमध्ये आहे.

इव्रीमधली माणसा-घोड्यांची गाठ बघताना तोच धडा आठवतो. घोडे एकमेकांत इतके अडकवा, की बघणाऱ्याला कुठला पाय कुणाचा ते शोधावं लागेल. अर्धवट राहिलेल्या एका लढाईतून शिकून काढलेली ही दुसरी लढाई. तीही अर्धवट!

स्टुडिओ की कारखाना?

बावीस फुटांचा कॅनव्हास एकटा माणूस ओढत नाही. रूबेन्स आधी छोट्या लाकडी फळीवर तैलरंगात झपाझप स्केच करायचा. त्यावरून मदतनीस मोठ्या कॅनव्हासवर काम उतरवायचे आणि शेवटी तो स्वतः ब्रश घेऊन सगळ्याला जीव आणायचा. १६२१ मध्ये ऑटो स्पर्लिंग नावाचा डेन्मार्कचा तरुण त्याच्या घरी गेला, तेव्हा रूबेन्स चित्र काढत होता, कुणाकडून तरी टॅसिटस वाचून घेत होता आणि त्याच वेळी पत्रही सांगत होता. याला म्हणतात मल्टिटास्किंग! शेजारच्या मोठ्या खोलीत बरीच तरुण पोरं त्याने खडूने आखून दिलेल्या चित्रांवर बसली होती.

आता वाटेल, म्हणजे दुसऱ्यांचं काम आणि याचं नाव? पण १६१८ मध्ये त्याने डडली कार्ल्टन या इंग्रज वकिलातीतल्या गिऱ्हाइकाला पाठवलेली यादी पाहा. कुठलं चित्र पूर्ण माझ्या हातचं, कुठलं शिष्याने केलेलं आणि मी सुधारलेलं, सगळं स्वच्छ लिहिलंय. प्रोमिथियसच्या चित्रापुढे तर ‘गरुड स्नायडर्सने काढला’ अशी नोंद. एका पक्ष्याचंही क्रेडिट! हेन्रीच्या मालिकेतही काही ठिकाणी लढायांचे देखावे पीटर स्नायर्स या युद्धचित्रांच्या स्पेशालिस्टने रंगवले.

एवढं मोठं कापड मागावर एका पन्ह्यात निघत नाही, म्हणून पट्टे शिवून जोडायचे. त्यावर सरसाचा हात, मग अस्तर. त्यावर तपकिरी रंगात ब्रशनेच रेखाटन. सावल्या पातळ ठेवायच्या, खालचं अस्तर जाणवेल इतक्या. उजेड मात्र जाड, शिशाच्या सफेद्याचे थर देऊन. पूर्ण झालेल्या चित्रात हे सगळं झाकून जातं. इव्रीमध्ये ते उघडं आहे. कुठे घोड्याच्या अंगावर झळाळी आलीये, तर कुठे माणसं अजून तपकिरी रेषांतच आहेत. कुठे हात थांबला, ते बोट ठेवून दाखवता येतं.

दोन फूट कमी करा...

हात का थांबला? १६३० च्या शरदात पॅरिसहून निरोप आला, की गॅलरीची उंची दोन फुटांनी कमी धरा. दारंही उंच केलीत. रूबेन्स वैतागला. त्याने मित्राला पत्र लिहून तक्रार केली, की झालेलं जवळजवळ सगळं काम मोडावं लागेल. विजयरथात बसलेल्या राजाचं डोकंच उडेल! (लेआउट बदललाय, तीनशे शब्द उडवा, असा फोन संध्याकाळी सातला आलेल्या सगळ्यांनी इथे एक मिनिट शांतता पाळावी.)

आणि त्याच नोव्हेंबरात क्लाएंटच उडाला. कार्डिनल रिशेलिऊला हटवायचा मारीचा डाव फसला. मुलगा, म्हणजे राजा तेरावा लुई, आईच्या नाही तर रिशेलिऊच्या बाजूने उभा राहिला. १६३१ मध्ये ती फ्रान्समधून पळाली ती परतलीच नाही. प्रोजेक्ट बंद.

माझी इव्री

आता माझं सांगते. एका इंजिनीअरिंग कंपनीला पन्नास वर्षं होणार होती. त्यांचं पुस्तक लिहायचं काम मला मिळालं. आठ महिने मी शॉप फ्लोअरवर फिरले, ३१ मुलाखती घेतल्या. मग वरची माणसं बदलली. आधी निरोप आला, ‘कामगारांचा चॅप्टर दोन पानांत बसवा.’ महिनाभराने दोन ओळींचा मेल, ‘प्रोजेक्ट सध्या थांबवत आहोत.’ अॅडव्हान्स मिळाला होता, उरलेले पैसे अजून येतायत!

पैशाचं दुःख असतंच, पण त्याची सवय होते. सवय होत नव्हती ती एका फोनची. मुलाखत दिलेले एक रिटायर्ड फोरमन दर सणाला फोन करायचे. ‘काय मॅडम, पुस्तकाचं कुठवर आलं?’ लेथच्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे ते ओळखत. हे त्यांनी मला दोन तास, तोंडाने आवाज काढून दाखवत सांगितलं होतं. दसऱ्याला मी सांगून टाकलं, ‘काका, पुस्तक थांबलंय.’ पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, ‘बरं. पण आमचं पान तरी लिहून झालेलं का?’

उफित्झीच्या त्या बाकावर मला हा प्रश्न ऐकू येत होता. रूबेन्सने ते कॅनव्हास पूर्ण केले नाहीत. कोण फुकट करणार, आणि कुणासाठी? पण त्याने ते टाकलेही नाहीत. १६४० मध्ये तो गेला, तेव्हा हेन्रीच्या लढायांचे, वेढ्यांचे सहा मोठे अपुरे कॅनव्हास त्याच्या मालमत्तेच्या यादीत होते. १६८६ मध्ये मेदिची घराण्याच्या तिसऱ्या कोसिमोने इव्री आणि ‘पॅरिस प्रवेश’ हे दोन विकत घेतले. म्हणून ते फ्लॉरेन्सला आले. मारीच्या माहेरी! तिच्या पॅरिसच्या भिंतीवर मात्र ते कधीच लागले नाहीत.

पुण्याला परतल्यावर मी लॅपटॉपवरचं ते फोल्डर उघडलं. पुस्तकाचा मजकूर कराराने कंपनीचा. पण काका जे बोलले, ते त्यांचंच होतं. त्यांची मुलाखत त्यांच्याच शब्दांत नीट टाइप केली. अकरा पानं भरली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून स्पायरल करून घेतली आणि रविवारी सकाळी चिंचवडला त्यांच्या घरी गेले.

काकांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. काकूंनी पोहे आणले, ते थंड झाले. चौथ्या पानावर ते थांबले. खिशातलं पेन काढलं आणि समासात एक नाव लिहिलं. शेजारच्या मशीनवरच्या जोडीदाराचं. ‘आवाज ओळखायला यानेच शिकवलं. याचं नाव पाहिजे मॅडम.’

मी ते नाव टाकून नवी प्रिंट काढली. तो जोडीदार पिंपरीत राहतो. उरलेल्या ३० मुलाखतींच्या यादीत त्याचंही नाव आहे. येत्या रविवारी त्याच्याकडे जायचंय.