ताटातलं नाव

मैत्रिणींनो, लग्नात ताटातल्या तांदळांवर माझं नवं नाव लिहिलं गेलं. माहेरचं उरलं फक्त बी.ए.च्या सर्टिफिकेटवर!

म्हणूनच फ्रँक डीन मला जवळचा वाटतो. इंग्लंडातल्या म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाण्या-नकलांच्या थिएटरांत, तो ‘हॅरी डेकर’ या नावानं गाणी देई. १८९२ साली त्यानं ‘डेझी बेल’ लिहिलं. घोडागाडी परवडत नाही, पण दोघांच्या सायकलवर तू शोभून दिसशील, अशी प्रियकराची विनवणी! केटी लॉरेन्सनं ते गाजवलं. १९६१ साली अमेरिकेत चक्क कॉम्प्युटरनं ते म्हटलं. गाणं राहिलं, डीन हे नाव मात्र मागं पडलं.

पण त्यानं नाव स्वतः निवडलं होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. परवा शाळेच्या नव्या वहीवर मी दोन्ही नावं लिहिली. तुम्ही कोणतं लिहाल?