खिशातला गुरू

वकिली व्यवसायात कब्जा आणि परवाना या दोन शब्दांतील अंतर फार जपावे लागते. वस्तू आपल्या हाती असणे निराळे आणि दुसऱ्याच्या मर्जीने ती वापरावयास मिळणे निराळे. हा भेद मला ग्रंथांपेक्षा एका साध्या, बटणांच्या फोनने अधिक स्पष्ट करून दिला, असे म्हटल्यास वाचकांना नवल वाटेल.

सुरतेजवळ तापी समुद्रास मिळते तेथे हजीरा वसले आहे. पोलाद, खत आणि नैसर्गिक वायू यांच्या कारखान्यांनी तो किनारा व्यापला आहे. त्याच तापीच्या वरच्या अंगास असलेल्या खानदेशातून पोटासाठी सुरतेकडे आलेली मराठी माणसे पुष्कळ. त्यांपैकीच एक, प्रकाशे क्षेत्राच्या बाजूचे, पन्नाशी उलटलेले गृहस्थ मला तेथील एका कारखान्याच्या दाराशी भेटले. कॅमेऱ्याचा फोन आत नेण्यास मनाई होती. माझा फोन पहारेकऱ्याच्या पेटीत गेला. त्यांचा खिशातच राहिला. उणेपण हेच त्या फोनचे प्रवेशपत्र ठरले होते.

सॅमसंगचा 'गुरू म्युझिक २' हा फोन २०१४ साली निघाला. दोन इंचांचा पडदा, रेडिओ, विजेरी, दोन सिमकार्डांची सोय आणि सोळा जीबीपर्यंतचे मेमरी कार्ड, एवढाच त्याचा संसार. परंतु हे एवढेसे कार्ड सामान्य समजू नये. एमपी३ या पद्धतीत कानाच्या ध्यानी येत नाहीत असे ध्वनी गाळून गाणे आटोपशीर केले जाते. नेहमीच्या दर्जात मिनिटाला सुमारे एक एमबी जागा लागते. म्हणजे नखाएवढ्या तुकड्यात अडीचशे तासांहून अधिक गायन मावते, आणि ते ऐकावयास मोबाइलचे जाळेही लागत नाही.

त्यांच्या कार्डात गीतरामायण होते. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली प्रसारित झालेली ती छप्पन्न गीते दुकानदाराने थोड्या पैशांत भरून दिली होती. १९५७ च्या कायद्यान्वये अशा प्रती विकण्याचा अधिकार त्या दुकानदारास नाही. ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनानंतर साठ वर्षांनी सरते, तथापि शब्दांचे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकते. माडगूळकर १९७७ साली वारले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

मग त्यांनी एक भजन लावले. गावच्या भजनी मंडळाचे. पुतण्याने टिपून कार्डात घालून दिलेले. टाळांच्या गजरात एक थकलेला आवाज पुढे येई.

"वकीलसाहेब, हा आमच्या बाबांचा आवाज. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

शब्द संताचे, चाल परंपरेची. तेथे कायद्याने बोट ठेवावे असे काही नव्हते. माझ्या फोनवरील असंख्य गाणी मासिक वर्गणीवर चालतात. वर्गणी थांबली की गाणेही थांबते. तो परवाना. त्यांच्या खिशात होता तो निर्वेध कब्जा. पण कब्जेदाराची जोखीमही त्यांचीच होती. पुतण्याचा फोन केव्हाच मोडीत गेला होता. कार्ड हरवले, बिघडले, तर तो आवाज जगात कोठेही उरणार नव्हता. मूळ दस्तऐवजाची नक्कल आपण घेतोच. तशी याचीही दुसरी प्रत करून घरी ठेवा, असे मी त्यांना सांगितले.

आपल्या देवळांतील भजनी सप्ताह, पालखीच्या रात्री, वृद्ध पुजाऱ्यांच्या तोंडच्या आरत्या अशाच कोणाच्या तरी जुन्या फोनात, कपाटाच्या खणात पडून असतील. नवा फोन आला म्हणून जुना भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्यातले कार्ड काढून एकदा ऐकावे. ज्यांचा आवाज पुन्हा टिपता यावयाचा नाही, ती माणसे कदाचित तेथेच गात असतील.