दोन की अडीच?

डबी ठेवून झाली, निर्देशांक टिपून झाले, आता तारे तेवढे द्यायचे राहिलेत. जिओकॅश, म्हणजे निर्देशांकांवरून इतरांनी शोधून काढायची डबी, लपवणाऱ्याला दोन गोष्टी आधीच सांगाव्या लागतात: तिथवर पोचणं किती अवघड आणि पोचल्यावर शोधणं किती अवघड. दोन्हीला एक ते पाच तारे, अर्ध्याअर्ध्याच्या पायरीने. अशा जोड्या होतात ८१, आणि मी अडकलोय दोन आणि अडीचच्या मध्ये.

पोचण्याच्या ताऱ्यांना फार डोकं लागत नाही. चाकाच्या खुर्चीतून जाता आलं तर एक, होडी किंवा दोर लागला तर पाच. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून गप्पा मारत जाता येतं आणि नळीच्या वाटेने जीव मुठीत धरून. गड तोच, श्रेणी वाटेची. ज्याने सह्याद्रीत पाय झिजवलेत त्याला हे सांगावं लागत नाही.

घोडं अडतं ते शोधण्यापाशी. सिएटलजवळच्या टायगर माउंटनच्या उतारावर, पडून कुजलेल्या एका डग्लस फरच्या ओंडक्याखाली ती आहे: कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी, आत गुंडाळलेला कागद. वर शेवाळाचा जाड थर, भोवती कमरेएवढे नेचे. झाडं इतकी दाट की फोनवरचा बाण काही पावलं इकडे, काही पावलं तिकडे नाचत राहतो. पण मला मात्र ओंडक्याकडे नजर गेली की डबीच दिसते. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानेच प्रश्न किती कठीण ते ठरवायचं, हीच यातली खरी गोम! म्हणून परवा एका मित्राला तिथे नेऊन उभं केलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्याने आधी सगळे ओंडके सोडून एका मेपलच्या ढोलीत हात घातला. ढोली मला कधी दिसलीच नव्हती.

त्यातून ऋतू. हिवाळ्यात नेचे पावसाने आडवे होतात, वसंतात खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल वाढते. कोणत्या महिन्याचे तारे द्यायचे? आणि गावातल्या बाकाखाली चिकटवलेली, करंगळीच्या पेराएवढी चुंबकी डबी? ती सापडते चटकन, पण शेजारी कोणी सँडविच खात बसलेलं असताना वाकून हात घालायचा कसा? माझ्या मते ही चोरटी अडचणही मोजली पाहिजे. काही जाणकारांना हे मान्य नाही. नसू दे.

३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ पहिला जिओकॅश म्हणून एक बादली ठेवली, तेव्हा ताऱ्यांची भानगड नव्हती. अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेला घोळ नुकताच काढून टाकला होता, आणि नुसत्या आकड्यांवरून वस्तू सापडते का, एवढंच बघायचं होतं. आता सकाळी पोराला घेऊन निघालेली आई ताऱ्यांवरून ठरवते, जायचं की नाही. म्हणून साध्या डबीला चार तारे लावून मिरवणारे मला चालतात. फार तर हसू येतं. दीड तारा लावून लोकांना चिखलात तासभर फिरवणारे मात्र नाही. तो खट्याळपणा नव्हे, फसवणूक आहे.

मी अडीच देतोय. तुम्ही आलात आणि डबी मिळाली नाही, तर मुकाट्याने परतू नका. ‘सापडली नाही’ अशी नोंद करा, किती वेळ शोधलंत तेही लिहा. तशा नोंदी आल्या की मी तीन करीन.