वाट विचारत ये

कुडाळ
भाद्रपद वद्य

चि. मीनू हिस,


तुझं ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. ‘मामा, कोणाला काही विचारायची गरजच नाही, सगळं नकाशात आहे.’ आरतीची वेळ होती, घर भरलेलं होतं, म्हणून तेव्हा गप्प राहिलो. तू डोंबिवलीला पोचलीस, तरी ते वाक्य इथेच आहे. म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर तू मला मध्येच तोडतेस.

नकाशा मेहनतीने केला आहेस, हे आधी सांगतो. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेच्या ठिकाणांची पायी फेरी, वाटाड्या नको, गाडी नको, प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथे कोणता प्रसंग घडला ते वाचायचं. वाडा, विहीर, पाणंद, देऊळ. आपल्या पोरांना या गावांत पायी फिरावंसं वाटतं, याचा मला किती आनंद झाला ते तुला कळायचं नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत तू मैत्रिणींना घेऊन येणार, आणि तेही रात्री चालणार, हे आपल्या घरच्या सुधाने नंतर सांगितलं. माझ्यापासून का लपवलंस?

मी मालिकेच्या विरुद्ध आहे असं समजू नकोस. 2016 च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली तेव्हा इथे काही जणांनी तक्रारी केल्या, कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते म्हणून. आपल्या ओसरीवर वाद झाले. तुझी आजी मात्र रोज रात्री जेवणं लवकर आटपून बसायची, आणि ती भुतासाठी बसत नव्हती. पांडू ‘इसरलंय’ म्हणाला की ती खुदकन हसायची, कारण तिची बोली टीव्हीवर पहिल्यांदाच तिच्या घरात आली होती. तो पांडू रंगवणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकी, म्हणून त्या बोलण्याला आपल्या मातीचा वास होता. शकुंतला नरे यांची माई बघून तर आजी म्हणाली होती, ‘ही आमच्यातलीच.’ पुढे 2019 च्या दुसऱ्या भागात माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता आले, आणि साऱ्या महाराष्ट्राला नाईकांच्या वाड्याचं वेड लागलं. 2021 ला तिसरा भाग. एवढी वर्षं एखादं गाव लोकांच्या घराघरांत दिसत राहणं ही लहान गोष्ट नाही.

पण मीनू, ते गाव नाईकांचं नाही, ते आकेरी आहे. सावंतवाडीहून झारापकडे येणाऱ्या जुन्या महामार्गावरचं. झाराप ते पत्रादेवी हा नवा चौपदरी रस्ता झाल्यापासून गोव्याच्या गाड्या बाहेरूनच निघून जातात, त्यामुळे तो जुना रस्ता आता पायी चालण्यासारखा झाला आहे. तुझ्या नकाशात हे नाही. रामेश्वराच्या देवळावर तू ठिपका ठेवलास, तो मालिकेमुळे. तिथे महाशिवरात्रीला जत्रा भरते, माणसं मुंबईहून येतात, त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. आणि तुझा पहिला ठिपका, तो वाडा, खाजगी घर आहे. मालिका जोरात होती तेव्हा माणसं मुद्दाम गाड्या वळवून ते घर बघायला येत होती. फाटकापाशी उभं राहून फोटो काढणं वेगळं. फाटक ढकलून आत जाऊन ‘अण्णांची खुर्ची कुठाय’ विचारणं हे मला सहन होत नाही, आणि तुझ्याबरोबर येणाऱ्या मुलींपैकी निदान एक तरी तसं करील.

असं दूरदेशीही होतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला एक साधं घर आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेत ते नायकाचं घर दाखवलं. त्यात तो रागाने पिझ्झा छपरावर भिरकावतो. झालं, बघायला येणारे खरोखर पिझ्झे फेकायला लागले. मालिका ज्यांनी निर्माण केली त्या विन्स गिलिगन यांनी जाहीरपणे सांगितलं, हे थांबवा. तरी थांबलं नाही, आणि 2017 मध्ये त्या घराभोवती कुंपण घालायची वेळ आली. आपल्याकडे गडग्याला बेडं असतं, तेही बहुतेक वेळा नुसतं लोटलेलं, कारण येणारा माणूस बाहेरून हाक मारील हे धरलेलं असतं. तुझ्या फेरीमुळे कुठल्या गडग्यावर तार चढली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आता मूळ मुद्दा. विचारायची गरज नाही, असं तू म्हणालीस. अगं, या जिल्ह्यात विचारल्याशिवाय काही होत नाही! मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण तुला माहीत आहे का? तीन-चार वर्षांनी एकदा, तिथल्या रामेश्वराने कौल दिला की सबंध गाव तीन दिवस आणि तीन रात्री घरं सोडून वेशीबाहेर जातो. गुरंढोरं, कोंबड्या, म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, सगळी. राहुट्या, झोपड्या उभारून राहतात, तिथेच चुली पेटतात, रात्री भजनं आणि गजाली रंगतात. मागे घरं, दुकानं, शाळा ओस. आणि परतायचं केव्हा? पुन्हा देवाला विचारून. कौल मिळाला तर चौथ्या दिवशी परत, नाही मिळाला तर मुक्काम वाढतो. कोणी म्हणतं गाव शुद्ध होतो, कोणी म्हणतं त्या दिवसांत तिथे देवाचा आणि भुताखेतांचा वावर असतो. मला विचारशील तर एवढी माणसं एकमेकांच्या शेजारी जमिनीवर झोपतात, जातीपातीची, भावकीची भांडणं त्या तीन रात्री बाजूला पडतात, याच्याइतकं मोठं मला त्यात काही दिसत नाही. तुझ्यासारख्या मुलीला मोह होणार की त्या ओस गावात शिरून बघावं, कॅमेऱ्याला यापेक्षा चांगलं काय मिळेल. नाही बघायचं. ज्यांचं गाव आहे तेच आत जात नाहीत, तर आपण कोण?

आंगणेवाडीची भराडी घे. एवढी लाखोंची जत्रा, मुंबईहून जादा गाड्या सोडतात, पण तिची तारीख कुठल्या पंचांगात सापडत नाही. देवीला विचारून ती ठरते, मग सगळीकडे कळवली जाते. लग्न असो, विहीर खणायची असो, शेतात पहिला नांगर घालायचा असो, आधी गाऱ्हाणं घातलं जातं. जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, मग काम सुरू. मी देवळात रोज जाणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. पण मधोमध उभं राहून सगळ्यांच्या देखत ‘मी हे करतोय, चालेल ना?’ असं विचारायची जी सवय आहे, ती गेली तर आपल्याकडे समुद्र आणि माड एवढंच उरेल. 1997 मध्ये सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा जाहीर केलं तेव्हापासून मी हेच ओरडतोय. शाळेत शिकवत असताना सहलीच्या मुलांना मी मुद्दाम वाट माहीत असूनही विचारायला लावायचो. तुझी आई सांगेल. ती चिडायची.

वाट विचारली की काय होतं? ‘खंयसून इलंस गो? कोणाकडे जातलंस?’ हे दोन प्रश्न आधी येतात. त्यांना उत्तर दिलंस की पाच मिनिटांत निघतं की तुझ्या आजीच्या माहेरची सोयरीक त्या घराशी आहे. मग पाणी येतं, त्याबरोबर गुळाचा खडा, आणि ज्या विहिरीवर तू ठिपका ठेवला आहेस ती कोणी खणली, कोणत्या उन्हाळ्यात आटली, चित्रीकरण चालू होतं तेव्हा तिथे काय गंमत झाली, हे सगळं ऐकायला मिळतं. हे कुठल्या भागात दाखवलं नाही आणि दाखवणारही नाहीत.

आणि रात्रीचे खेळच बघायचे आहेत ना? मग फेरी पिंगुळीपासून सुरू कर. कुडाळातून चालत जाता येतं. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी बघ. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रं, त्या जुडीला पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढे धरायचं आणि गात गात कथा सांगायची, रात्रभर. सावंतवाडीच्या संस्थानाचा त्यांना आश्रय होता. टीव्ही नव्हता तेव्हा आपल्या भागातली मालिका हीच. ती कला जवळजवळ संपत आली होती. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, बाहुल्या आणि पोथ्या सांभाळल्या, आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुझ्या नकाशावर पिंगुळीला ठिपका नाही, मीनू! आकेरीला जाताना तू त्यांच्या दारावरून जाणार आणि थांबणार नाहीस, याचं मला खरंच वाईट वाटलं.

दशावतारही तसाच. मोचेमाडकर, चेंदवणकर, पार्सेकर, सगळ्या मंडळ्या कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की गावोगाव फिरतात. पेटारा डोक्यावर घेऊन पायी फिरणारे नट मी पाहिले आहेत. देवळापुढे एक बाकडं ठेवलं की तेच सिंहासन, तोच पर्वत. लिहिलेले संवाद नाहीत, कथा ठरते आणि बोलणं तिथल्या तिथे सुचतं. गडी माणूस लुगडं नेसून उभा राहिला की आपल्या घरातली बाई उभी आहे असं वाटतं. पहाटे दहीकालो होईपर्यंत पोरं पेंगत का होईना बसून राहतात. अण्णा नाईकांना बघून जो शहारा तुला आला, तो इथल्या माणसांना संकासुराने किती पिढ्या दिला आहे. म्हणून म्हणतो, दिवाळीत येऊ नकोस, मार्गशीर्षात ये. मी जत्रांची यादी काढून ठेवतो.

रात्री चालायचंच असेल तर ते जत्रेला, माणसांच्या घोळक्यातून. पाणंदीतून तुम्ही चौघी-पाचजणी फोनच्या उजेडात, हे मला मान्य नाही. मी भुताला भीत नाही. मी फुरशाला भितो. वीतभर जनावर, पाचोळ्याच्या रंगाचं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. दिवाळीच्या सुमाराला गवत अजून उभं असतं. गवे शेतात उतरतात, बिबट्याही फिरतो. जुन्या विहिरींना कित्येक ठिकाणी कठडा नाही, आणि तुझा ठिपका नेमका तिथे नेतो. रेंज जाते. त्या नकाशात, रेंज गेली तर काय करायचं, हे कुठे लिहिलंय? सुधा म्हणते, मी उगाच घाबरवतो. पण तिला तू रात्री साडेअकराला निघणार हेही ठीक वाटतं, तेव्हा तिचं काय घेऊन बसायचं.

आरवलीच्या वेतोबाला तू लहानपणी नमस्कार केला आहेस. त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या हद्दीवरून फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. जयवंत दळवींचं गाव ते. फेरीला तोही एक मुक्काम जोड, गाडीने का होईना. बाहेरच्यांना आपल्याकडच्या रात्रीत नुसती भुतं दिसतात, राखणदार कोणी दाखवत नाही. तुझ्या मैत्रिणींना तेवढं तरी कळू दे.

मग असं कर. नकाशा टाकून देऊ नकोस, पण वाड्याचा ठिपका काढ आणि त्याऐवजी गावातल्या ग्रामपंचायतीचा ठेव, तिथे आधी जाऊन सांगायचं. विहिरींचे ठिपके सगळे काढ. मालवणला शेवटचा दिवस ठेवलायस तो राहू दे, पण तारकर्लीला पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला ओढ कशी आहे ते विचार, आणि तो नको म्हणाला तर नको. बंद बूट घालून या, सँडल नकोत. बॅटरी प्रत्येकीची वेगळी. मैत्रिणींच्या आईवडिलांचे नंबर मला आठ दिवस आधी पाठव, कागदावर लिहून पाठवलेस तर बरं.

आकेरीत माझे जुने सहकारी राहतात. त्यांच्याशी कालच बोललो. ते म्हणाले, पोरींना आधी आमच्याकडे चहाला पाठवा, मग कुठे जायचं ते बघू. मी हो म्हणून टाकलंय.

तुझा,
दिगूमामा

ता. क. मामी विचारते, कोकमं संपली का?